मासळी-मटणाचा खर्च चौपट झाला, म्हणजे जीभ सुटली का?

पत्राचा सारांश: ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळ मालवणकडच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. घरात त्या, यजमान, ७२ वर्षांच्या सासूबाई, १७ वर्षांचा मुलगा आणि १२ वर्षांची मुलगी. सासूबाईंना घरखर्चाची वही लिहायची जुनी सवय. दिवाळीच्या आवराआवरीत २०१२ ची वही सापडली. तेव्हा सासरे होते, मुलगा चार वर्षांचा होता. यजमानांनी मार्च २०१२ चं पान आणि या नोव्हेंबरचा खर्च शेजारी ठेवला. मासे, मटण, चिकन, अंडी मिळून तेव्हा २,३०० रुपये, आता ९,९९०. "चौपटीच्या वर गेलंय, घराची जीभ सुटली आहे. पुढच्या महिन्यापासून निम्मं करायचं, फक्त चिकन आणायचं," असं त्यांचं म्हणणं. मुलगा पुढच्या वर्षी बारावीला, फीची काळजी आहे. हे बोलणं कानावर गेल्यापासून सासूबाई "मला नको गं मासा, डाळभात पुरे" म्हणू लागल्या आहेत. ब्रॉयलर त्यांना आवडत नाही. भगिनी विचारतात: चूक माझी आहे का? आणि खर्च निम्मा करायचा तर कसा?

ताई, चौपटीचा आकडा खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा आहे का, ते वजन बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तुम्ही दोन्ही महिन्यांची वजनं आणि भाव पाठवलेत, तेही साफ करण्याआधीचं वजन, हे फार बरं केलंत. त्यामुळे नेमकं बोलता येईल.

आधी मटण बघा. २०१२ मध्ये महिन्याला २ किलो, ३४० रुपये भावाने, म्हणजे ६८० रुपये. आज २ किलोच, ८०० च्या भावाने, १,६०० रुपये. घरात मटण एका ग्रॅमने वाढलेलं नाही आणि बिल ९२० रुपयांनी वाढलं. याला जीभ सुटणं म्हणत नाहीत.

आता हीच रीत सगळ्या यादीला लावा: जुन्या वहीतली वजनं घ्यायची आणि त्यांना आजचा भाव लावायचा. मटण १,६००. चिकन ३ किलो, २४० ने, ७२०. अंडी ६०, सात रुपयांनी, ४२०. मासे साडेचार किलो, त्याच प्रकारचे म्हणजे बांगडा, मांदेली, बोंबील, बारीक कोळंबी आणि कधीतरी सुरमई, तुमच्या बाजारातल्या आजच्या सरासरी ४५० ने, २,०२५. सुकट आणि सुके बोंबील तेव्हा १२० रुपयांचे होते, तेवढेच आज ३५० चे. बेरीज ५,११५. म्हणजे २०१२ सारखंच, तितकंच जेवायचं ठरवलं तरी आज ५,११५ रुपये लागतात. यजमान म्हणतात ते निम्मं ४,९९५ होतं. ते २०१२ पेक्षाही कमी खायला सांगताहेत, आणि हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नसणार.

एकूण वाढ ७,६९० ची. त्यातले २,८१५ निव्वळ भाववाढीचे. उरले ४,८७५. ते कुठे गेले, हेही तुमच्याच आकड्यांत आहे.

चिकन ३ किलोवरून ६ किलो झालं, त्याचे ७२०. मुलासाठी २ किलो बोनलेस, ८००. अंडी ६० ची १५० झाली, ६३० रुपये. ही वरची ९० अंडी म्हणजे दिवसाला तीन; ती कोणाच्या पोटात जातात ते सांगायला नको. चार वर्षांचं पोर सतरा वर्षांचं झालं आणि तेव्हा जन्मलीही नव्हती ती मुलगी आज बारा वर्षांची आहे. दोन्ही वर्षी घरात माणसं पाचच मोजली जातात, पण ताटं तितकी नाहीत. या २,१५० रुपयांना मी वाढत्या मुलांचा खर्च म्हणेन.

माशांत दीड किलो वाढला, त्याचे ६७५. त्याखेरीज १,२०० रुपये प्रकार बदलल्याचे आहेत. बांगडा-मांदेलीच्या जागी ॲपवरून सुरमई, मोठी कोळंबी, मधूनच पापलेट, तेही साफ करून. उलट सुकं घरात येणं बंदच झालं, तिथे ३५० वाचले. शेवटचे १,२०० बाहेरून मागवलेल्या बिर्याणीचे. २०१२ च्या वहीत ही ओळच नाही. शनिवारी रात्री यजमान आणि मुलगा ती मागवतात, हे तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलात. मी मात्र तिथे थांबले. बाजार तुम्ही करता म्हणून मासे-मटणाचा पाढा तुमच्या नावावर वाचला गेला. ज्या खर्चाची वही असते त्याचाच जाब विचारला जातो. पेट्रोल, मोबाइलचे रिचार्ज, सिनेमांची वर्गणी यांची २०१२ ची पानं काढून कोणी शेजारी ठेवली नाहीत.

दुसरी मोजणी टक्क्यांची. गृहकर्जाचा हप्ता सोडून तेव्हा घरखर्च २६,००० होता, आता ९२,००० आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मासे-मटणाचा वाटा तेव्हा ८.८ टक्के होता, आता १०.९. वाढ आहे, दोन टक्क्यांची. ती कमी करता येईल, पण चौपट म्हणून घाबरण्यासारखी नाही. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २०२२-२३ साली अंडी-मासे-मटणाचा वाटा शहरांत साडेतीन टक्क्यांच्या आणि खेड्यांत पाच टक्क्यांच्या आसपास निघाला. हा आकडा यजमानांना कुठे दिसला तर तेही सांगून ठेवा की या सरासरीत मांसाहाराला शिवत नाहीत अशी लाखो घरं धरलेली आहेत. मालवणी घराला ते माप लागू पडत नाही. त्याच पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चात पेयं, तयार खाणं आणि बाहेरचं जेवण यांचा वाटा १० टक्क्यांच्या वर आहे. तुमची बिर्याणी खरं तर त्या खात्यात बसते. ती मासळीच्या खात्यातून काढा, तुमचा आकडा लगेच ८,७९० वर येतो.

भाव वाढले ते सगळीकडे सारखे नाहीत, आणि कुठे किती वाढले यावर काय बदलायचं ते ठरतं. तुमच्या यादीत अंडी दुप्पट झाली, चिकन दुपटीच्या आतच राहिलं, मासे सव्वादोनपट, मटण त्याहून थोडं पुढे. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोची होते, मागणी वाढली की माल वाढवता येतो. तिचा भाव मुख्यतः मका आणि सोयाबीनच्या खाद्यावर हलतो. बोकडाचं तसं नाही. तो अजूनही लहान शेतकऱ्याच्या दारात, चरून वाढतो. मागणी वाढली तरी माल तितक्या वेगाने वाढत नाही. २०१९ च्या अखेरीला कोल्हापुरात मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर आले होते, ते याच ताणातून. तेव्हा यजमानांच्या "फक्त चिकन" म्हणण्यात हिशेब आहे, तो नाकारू नका. ८ किलो मासे-मटणाऐवजी तितकंच चिकन आणलं तर ५,५०० च्या जागी १,९२० लागतील, ३,५८० वाचतील.

पण त्यात जातं काय, तेही मोजा. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतली चरबी हृदयाला चांगली, ती चिकनमधून मिळत नाही. मटणातलं लोह वयात येणाऱ्या मुलीला हवं असतं. आणि ज्यांना ब्रॉयलर चालत नाही त्या सासूबाईंच्या ताटात डाळभातच राहील. या वयात स्नायू झपाट्याने झिजतात, त्यामुळे प्रथिनं कमी करायची ती वेळ नव्हे. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.) त्यांच्या त्यागाने वाचतं किती? किलोत सहा-सात बांगडे बसतात, एक पडतो चाळीस रुपयांना. महिन्यात आठ-नऊ वेळा मासे होतात असं धरलं तर साडेतीनशे रुपये. तेवढ्यासाठी मालवणच्या बाईने मासा सोडायचा?

"मला नको" हे त्या चवीने म्हणत नाहीयेत, बोलणं ऐकून म्हणताहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं. "आई, खर्चाचं आम्ही बघतो, तुम्ही तुमचा तुकडा सोडायचा नाही," हे त्यांच्या मुलाने त्यांना सांगायला हवं. तुम्ही सांगितलंत तर त्या संकोच करतील.

यजमानांशी बोलताना मासळीपासून सुरुवात करू नका. फीपासून करा. पुढच्या वर्षी नेमके किती रुपये लागणार आहेत, कोणत्या महिन्यात, त्यातले किती बाजूला पडलेत, हे कागदावर आलं की महिन्याला किती साठवायचं ते कळतं. तो आकडा साऱ्या घरखर्चातून काढायचा, एकट्या ताटातून नाही. आणि घरावर खरंच संकट असेल, नोकरीचं काही असेल, तर "फक्त चिकन"चा पर्याय सहा महिन्यांपुरता घ्या. त्यातही आठवड्याला अर्धा किलो बांगडा ठेवा.

तसं नसेल, तर कोणाचं ताट न कापता साधारण दोन हजार वाचतात.

बिर्याणी महिन्याला तीनदा मागवता ती एकदा: ८०० रुपये. सोडायची असं नाही, मुलाला शनिवारची मजा असते. उरलेल्या दोन शनिवारी घरच्या चिकनचा पुलाव यजमानांनी आणि मुलाने करावा.

मासे: सुरमई-कोळंबी महिन्यातून एकदा, बाकीच्या वेळी बांगडा, तारली, मांदेली, बोंबील. साडेसातशेच्या घरात फरक पडेल. इथे किलोच्या भावावर जाऊ नका, खायला किती मिळतं ते बघा. बांगड्यात डोकं, काटा, आतडी जाऊन निम्म्याहून थोडं जास्त उरतं. अख्ख्या कोळंबीचं सोलून निम्म्याहूनही कमी. तुमच्या भावांनी दहा ग्रॅम प्रथिनांचा हिशेब केला तर अंड्यातून ती साधारण १२ रुपयांना पडतात, चिकनमधून १८ ला, २६० च्या बांगड्यातून २५ ला, मटण आणि ५०० च्या कोळंबीतून ५७ ला, ९०० च्या सुरमईतून ७० ला. बोनलेस चिकन ४०० रुपये किलो म्हणजे उधळपट्टी वाटते, पण त्यात हाड नसल्याने तेही १८ च्याच आसपास येतं. म्हणून मुलाच्या बोनलेसला हात लावू नका, काही वाचणार नाही. मॅरिनेट केलेली तयार पाकिटं मात्र टाळा. त्यात मसाला आणि पाणी चिकनच्या भावाने तोललं जातं.

अंडीही कमी करू नका. या वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. व्यायामशाळेत दुप्पट-तिप्पट सांगतात, ते खेळाडूंचं. भात-चपाती, डाळ, दूध यांतून चाळीसच्या आसपास येतातच, तीन अंडी १८-१९ ग्रॅम देतात, चिकन वरचं. प्रोटीन पावडरचा डबा आणायचा विषय निघाला तर हा हिशेब दाखवा. फक्त अंडी डझनावर न घेता तीसचा ट्रे घाऊक दुकानातून घ्या, महिन्याला शंभरेक रुपये सुटतील. तपकिरी कवचाची "गावठी" म्हणून महाग मिळतात, पण कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. कवच तपकिरी असलं म्हणून अंडं गावठी होत नाही आणि प्रथिनंही वाढत नाहीत.

आणि सुकं परत घरात आणा. आठवड्यातून एका जेवणाला सुक्या बोंबलाची चटणी नाहीतर जवळा-वांगं झालं की ताज्या माशाचे, सुक्याची किंमत वजा जाता, तीनशे रुपये सहज वाचतात. सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात. सासूबाईंना रक्तदाब असेल तर खारा बांगडा टाळा. बोंबील आणि जवळा बहुधा मिठाशिवाय, नुसत्या उन्हात वाळवतात, ते चालतात.

८००, ७५०, ३०० आणि ११० मिळून १,९६०. खर्च ८,०३० वर येतो, ९२,००० च्या ८.७ टक्के. वहीतल्या २०१२ च्या वाट्याइतकाच. यजमानांना दाखवायचा असेल तर हा आकडा दाखवा.

हे घडतंय की नाही ते कळायला चार आठवडे नीट लिहावं लागेल. वहीत सहा रकाने पाडा: तारीख, प्रकार, आणलेलं वजन, साफ केल्यावरचं वजन, भाव, आणि घरी की बाहेरून. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. चुका ठरावीक ठिकाणी होतात. ॲपवर दोन वजनं लिहिलेली असतात, साफ करण्याआधीचं आणि नंतरचं. भाव कोणत्या वजनाला लावलाय ते बघा. कोळीण वाटा देते तेव्हा वजन नसतंच, घरी येऊन तोला. चिकनच्या दुकानात पाटीवरचा भाव जिवंत कोंबडीचा आहे की सोललेल्या मालाचा, हे विचारा: दोन किलोच्या जिवंत कोंबडीतून कातडी काढल्यावर सव्वा ते १.४ किलोच हाती येतं. जुनी वही नसलेल्या वाचकांना यूपीआयचं वर्षभराचं स्टेटमेंट काढून दुकानाच्या नावाने वेगळं करता येईल, पण त्यात फक्त रुपये मिळतात, वजन नाही. वजनाची नोंद आजपासून सुरू करावी लागते.

एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली. मार्चची तुलना नोव्हेंबरशी झाली. अंडी थंडीत महाग असतात, उन्हाळ्याकडे उतरतात. चिकन उलट: उन्हाच्या तडाख्यात पक्षी मरतात तेव्हा भाव चढतो, श्रावणात उतरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशाचं काही विचारू नका. म्हणून मार्चची गाठ मार्चशीच घाला, नाहीतर बारा महिन्यांची बेरीज करा.

बंदी उठल्यानंतर, पावसाळा सरताना बांगडा-तारली स्वस्त होते. तेव्हा तीन-चार किलो घेऊन साफ करा, फडक्याने कोरडी करा, एका जेवणापुरती चपटी पाकिटं करून हवा काढून फ्रीजरमध्ये ठेवा. मीठ लावून ठेवू नका, तेलकट माशाची चरबी मिठाने लवकर खवट होते. असा मासा दोन महिन्यांत संपवा. आदल्या रात्री पाकीट खालच्या कप्प्यात काढायचं, आणि सुटलेला मासा पुन्हा गोठवायचा नाही.

सुक्याची बेगमी एप्रिल-मेमध्ये करा, पहिला पाऊस पडायच्या आत. बोंबील वाकवला की कट्कन मोडायला हवा. वाकून राहिला तर आत ओल आहे, पावसात बुरशी धरेल. जवळा मुठीत दाबून सोडला की सुटा व्हायला हवा. घरी आणून दोन कडक उन्हं द्या, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि फ्रीजरमध्ये जागा असेल तर निम्मा माल तिथे ठेवा. ही पारख सासूबाईंइतकी त्या घरात कोणाला नसणार. बाजारात त्यांना नेणं जमत नसेल तर पाव किलोचा नमुना आधी घरी आणा, त्यांच्या हातात द्या, आणि त्या हो म्हणाल्या की त्याच बाईकडून बाकीचा घ्या.